चांगला बाप व्हायला शिकताना: गरोदरपणापासून किशोरवयापर्यंत

आईला बाळाचं सगळं आपोआप कळतं आणि बापाला ते जमत नाही, असं पुष्कळ घरांत गृहीत धरलेलं असतं. खरं तर पहिल्या दिवशी आईलाही बाळाला नीट धरता येत नसतं आणि कोणतं रडणं भुकेचं तेही ओळखता येत नसतं. रात्रंदिवस बाळ तिच्याच हातात असतं, म्हणून तिचा हात बसतो. बाप मात्र महिनाभरानंतरही "मला नाही जमत" म्हणत बाजूला उभा असतो. मग बाळ रडलं की ते आईकडेच सोपवलं जातं. तिचा सराव वाढत जातो आणि त्याचा राहून जातो. पुढे मूल पाच वर्षांचं झालं तरी पडलं-झडलं की फक्त आईला हाक मारतं आणि बापाला वाईट वाटतं.

म्हणून इथे जे काही सांगतो आहे, त्याच्या मुळाशी माझा एकच ठाम विश्वास आहे. मुलाचं काम रोज, स्वतःच्या हातांनी आणि कोणी पाठीशी उभं नसताना केलं की बाप घडतो. आधी माया दाटून येईल आणि मग आपण हात लावू, अशी वाट पाहू नका. अनेक पुरुषांना बाळ पहिल्यांदा हातात घेताना माया कमी आणि भीतीच जास्त वाटते. त्यात काही वावगं नाही. माया कामातून येते.

शरीरही यात साथ देतं. फिलिपाइन्समधल्या सेबू इथल्या तरुण पुरुषांचा काही वर्षं पाठपुरावा करून संशोधकांनी २०११ साली निष्कर्ष मांडले. बाप झालेल्या पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बरंच उतरलेलं दिसलं, आणि रोज तीन किंवा अधिक तास मुलांचं करणाऱ्यांमध्ये ते मुलांचं काहीच न करणाऱ्यांपेक्षा कमी होतं. म्हणजे मुलांची देखभाल पुरुषाच्या शरीराला परकी नाही.

बाळ येण्याआधी

गरोदरपणात बापाला करण्यासारखं काही नसतं, हा समज सोडून द्या. तपासण्यांना बरोबर जा आणि डॉक्टर काय सांगतात ते स्वतः ऐका. प्रसूतीसाठी कोणत्या रुग्णालयात जायचं, रात्री-अपरात्री तिथे कसं पोहोचायचं, कागदपत्रं कुठे ठेवली आहेत, हे तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. बाळाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, याचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आधीच घ्या. बाळ आल्यावर त्यासाठी वेळ मिळत नाही.

जोडीदाराशी तीन विषयांवर सविस्तर बोला: रात्री कोण उठणार, पैशांचं कसं करायचं, आणि नातेवाइकांपैकी कोण किती दिवस येऊन राहणार. नंतरची बरीच भांडणं याच तीन गोष्टींवरून होतात, आणि तेव्हा दोघंही झोपेला आलेले असतात. रजेचीही चौकशी लवकर करा. स्वीडनने १९७४ मध्ये जगात पहिल्यांदा बाळंतपणाच्या रजेऐवजी आई आणि वडील दोघांनाही घेता येईल अशी पालकत्वाची रजा आणली, पण ती बहुतेक आयाच घेत राहिल्या. म्हणून १९९५ पासून तिथे एक महिना असा राखून ठेवला गेला की एका पालकाने तो घेतला नाही तर तो दुसऱ्याला देता येत नाही आणि वाया जातो. मग वडील रजा घेऊ लागले. तुमच्या कामाच्या ठिकाणी जी काही रजा मिळत असेल ती पूर्ण घ्या, आणि शक्य असेल तर थोडी पाहुणे निघून गेल्यावरच्या दिवसांसाठी राखून ठेवा. तेव्हा तुमची खरी गरज असते.

आणखी एक काम शांतपणे बसून करा. तुमच्या वडिलांनी तुम्हाला कसं वाढवलं ते आठवा. त्यातलं काय पुढे न्यायचं आणि काय तुमच्यापाशीच थांबवायचं, ते कागदावर लिहा. माणूस दमला, चिडला की त्याच्या तोंडून आपल्याच वडिलांची वाक्यं निघतात. ती आधी ओळखून ठेवली असतील तर निदान जिभेवर आल्यावर कळतं तरी.

पहिले तीन महिने

या काळावर मी जास्त लिहिणार आहे, कारण बापाची घडण इथेच होते किंवा इथेच राहून जाते.

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरपर्यंतचंच स्पष्ट दिसतं. कुशीत घेतलेल्या बाळापासून तुमचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. तेव्हा त्याला जवळ धरा आणि बोला. काय बोलता याला महत्त्व नाही. शर्ट काढून बाळाला उघड्या छातीवर झोपवा आणि वरून पांघरूण घ्या. मात्र तुम्ही जागे असायला हवं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटामध्ये इन्क्युबेटर अपुरे पडत होते, म्हणून कमी वजनाच्या बाळांना अशा प्रकारे आईच्या छातीशी ठेवायला सुरुवात झाली. आज ही पद्धत जगभर वापरतात, आणि ती वडिलांनाही तितकीच करता येते.

पहिल्या काही आठवड्यांत बाळाला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध लागतं. आई अंगावर पाजत असेल तर पाजणं सोडून बाकी सगळं तुम्ही करा: बाळाला उचलून तिच्याजवळ आणणं, तिला पाणी देणं, पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, डायपर बदलणं, पुन्हा झोपवणं. बाटलीचं दूध असेल तर रात्रीचे दोन भाग करा. मध्यरात्रीनंतर दोनपर्यंत एकाने आणि पुढे दुसऱ्याने सांभाळलं की दोघांनाही चार-पाच तासांची सलग झोप मिळते. तुकड्या-तुकड्यांच्या आठ तासांपेक्षा ती कितीतरी बरी.

झोपवताना बाळ नेहमी पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर असू द्या. जवळ उशी, मऊ खेळणी, जाड पांघरूण ठेवू नका. पूर्वी बाळांना पालथं झोपवण्याचा सल्ला डॉक्टरही देत. पुढे अनेक देशांनी तो बदलला. अमेरिकेत १९९४ मध्ये मोठी मोहीम झाली आणि झोपेतल्या अचानक बालमृत्यूंचं प्रमाण काही वर्षांत निम्म्यावर आलं. सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन तुम्हाला डुलकी लागणं फार धोक्याचं आहे. डोळे जड झाले की बाळ पाळण्यात ठेवा, किंवा दुसऱ्याच्या हातात द्या.

आता रडणं. बाळाचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात कळसाला पोहोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरतं. हा आलेख माहीत असला की आपल्या हातून काहीतरी चुकतं आहे, असं वाटत नाही. रडायला लागलं की एकेक गोष्ट बघा: भूक, ओला डायपर, अडकलेली ढेकर, खूप गरम किंवा थंड होणं, बोटाला गुंडाळलेला केस किंवा धागा, ताप. हे सगळं ठीक असूनही रडत असेल तर खांद्यावर घेऊन फिरा, हळू गुणगुणा, दिवा मंद करा. तरीही ते तासभर रडू शकतं. त्या तासात तुम्ही त्याला एकटं सोडलं नाही, एवढंच तुमच्या हातात आहे, आणि ते पुरेसं आहे.

कधी तरी तुमचा तोल जाऊ लागेल. दात आवळले जातील, हात घट्ट होतील. त्या क्षणी बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, खोलीबाहेर या, पाच-दहा मिनिटं थांबा, कुणाला तरी फोन करा आणि मग परत जा. त्या दहा मिनिटांच्या रडण्याने बाळाला काही होत नाही. बाळाला गदागदा हलवलं तर मात्र काही सेकंदांत मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, कारण डोकं जड आणि मानेचे स्नायू कमकुवत असतात. त्यातून कायमचं अपंगत्व येतं, जीवही जातो. बाळाला जो जो सांभाळणार आहे त्या प्रत्येकाला हे स्पष्ट सांगा.

तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा वर गेला तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. वर्षाच्या आत मध चाटवू नका. त्यातल्या जिवाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

बाळाच्या आईकडेही तितक्याच बारकाईने बघा. पहिल्या दोन आठवड्यांत विनाकारण रडू येणं, चिडचिड होणं हे बऱ्याच जणींना होतं आणि सरतं. दोन आठवडे उलटूनही ती उदासच असेल, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांची वेळ तुम्ही घ्या आणि बरोबर जा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार ती बोलून दाखवत असेल तर तिला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तुमच्याबाबतही हे होऊ शकतं. मूल होण्याच्या आगेमागे साधारण दहा वडिलांपैकी एकाला नैराश्य येतं. पुरुषांमध्ये ते अनेकदा रडण्यातून दिसत नाही. सतत चिडणं, कामावर उशिरापर्यंत थांबणं, दारू वाढणं, घरी जावंसं न वाटणं, अशा रूपांत ते दिसतं. हे स्वतःत जाणवलं तर मन घट्ट करून बसू नका, उपचार घ्या.

पूर्ण काम, एकट्याने

पुष्कळ वडील पुष्कळ काही करतात, पण सांगितल्यावर. डायपर संपत आले हे आईच्या लक्षात येतं, बाबा फक्त आणून देतात. लसीची तारीख आईला आठवते, बाबा गाडी काढतात. आठवण ठेवण्याचा हा भार दिसत नाही, पण तोच सगळ्यांत जास्त दमवतो. म्हणून दोन-तीन कामं अशी निवडा की जी पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमचीच. उदाहरणार्थ लसीकरण. तारखा तुम्ही लक्षात ठेवायच्या, डॉक्टरांची वेळ तुम्ही घ्यायची, फाइल तुमच्याकडे, टोचताना मांडीवर तुम्ही घ्यायचं आणि रात्री ताप आला का तेही तुम्हीच बघायचं.

मग एकट्याने सांभाळायला लागा. सुरुवात दोन तासांपासून करा. आईने त्या वेळी घराबाहेर जावं. ती दुसऱ्या खोलीत असली की दहाव्या मिनिटाला तुम्ही हाक मारता आणि तीही येते. दोन तास जमले की अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस, पुढे एखादी रात्र. मधे फोन करून "हे कसं करू" असं विचारू नका. ताप किंवा दुखापत असेल तर गोष्ट वेगळी. तुमची अंघोळ घालण्याची, भरवण्याची पद्धत तिच्यापेक्षा निराळी असेल. मूल सुरक्षित असेल तर दोन्ही पद्धती चालतात. आयांनाही एक विनंती: परत आल्यावर कपडे उलटे घातलेले दिसले तरी लगेच बदलू नका.

नोकरीमुळे दिवसाचे दोनच तास मिळतात, अशी अनेकांची खंत असते. त्यांच्यासाठी एक जुनी पाहणी महत्त्वाची आहे. रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ग्लासगोमधल्या ६० बाळांचा अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. बाळाचा जीव कुणावर जडतो हे बरोबर घालवलेल्या तासांपेक्षा बाळाच्या खुणांना कोण नेमका प्रतिसाद देतं यावर जास्त अवलंबून होतं, असं त्यांना आढळलं. दीड वर्षांची होईपर्यंत त्यातल्या बहुतेक बाळांची वडिलांशीही घट्ट जवळीक झाली होती. म्हणून ते दोन तास मुलाचेच असू द्या.

खेळ आणि फोन

मुलाने खेळ ठरवावा, तुम्ही त्यात सामील व्हावं. ठोकळ्यांचा मनोरा नीट कसा रचतात ते शिकवू नका, त्याला तो पाडायचा असेल तर पाडू द्या. दंगामस्ती, कुस्ती, पाठीवर घोडा हेही मनापासून खेळा. त्यात मूल जोर किती लावायचा, समोरच्याला लागलं की थांबायचं कसं, हे शिकतं. एकच नियम ठेवा: मूल "बस" म्हणालं की त्याच क्षणी थांबायचं. आपल्या नकाराला किंमत आहे, हे त्याला तुमच्याकडून कळतं.

आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आई बाळाशी खेळते आणि मग थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवते. काही महिन्यांचं बाळ लगेच अस्वस्थ होतं. ते हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं आणि शेवटी तोंड फिरवतं. पडद्यात बुडालेला बापाचा चेहरा मुलाला फारसा वेगळा दिसत नसणार, असं मला वाटतं. मुलाच्या स्वतःच्या स्क्रीनबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेली मर्यादा सोपी आहे: दोन वर्षांपर्यंत शक्यतो अजिबात नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको.

हट्ट आणि शिस्त

दीड ते चार वर्षांच्या वयात मूल भोकाड पसरतं, जमिनीवर लोळतं. ते मुद्दाम छळत नसतं. स्वतःला आवरण्याची क्षमताच अजून तयार झालेली नसते. अशा वेळी क्रमाने हे करा. आधी स्वतःचा श्वास सावकाश करा. त्याच्या उंचीला खाली बसा. जे घडलं ते त्याच्या बाजूने बोला: "तुला अजून खेळायचं होतं. खेळ थांबला म्हणून राग आला." मग मर्यादा एकाच छोट्या वाक्यात सांगा: "पण आता घरी जायचंय." त्यानंतर गप्प बसा. तेव्हा समजावणं, धमकावणं, आमिष दाखवणं यातलं काहीच आत पोहोचत नाही. मारत किंवा फेकत असेल तर हात अलगद धरा आणि "मारू देणार नाही" एवढंच म्हणा. शांत झालं की जवळ घ्या. मात्र रडण्यापुढे हार मानून नकाराचा होकार करू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते आणखी जास्त वेळ रडेल.

नियम मोजकेच ठेवा आणि ठेवलेले पाळा. कॅलिफोर्नियातल्या डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या तऱ्हा अभ्यासल्या. नुसता धाक दाखवणाऱ्या किंवा सगळं चालवून घेणाऱ्या पालकांपेक्षा, मायेने वागणाऱ्या पण मर्यादेवर ठाम राहणाऱ्या पालकांची मुलं जास्त स्वावलंबी आणि संयमी दिसली. बाप म्हणजे फक्त धाक, ही जुनी वाटणी दोघांवरही अन्याय करते. "थांब, बाबांना येऊ दे" असं घरात कोणी म्हणत असेल तर ते बंद करा. मूल तुमच्या येण्याची वाट बघणारं असावं.

मारू नका. यावर माझं मत लवचिक नाही. स्वीडनने १९७९ मध्ये, सर्व देशांत पहिल्यांदा, मुलांना घरातही मारण्यावर कायद्याने बंदी घातली आणि त्यानंतर कितीतरी देशांनी तेच केलं. मार खाल्लेलं मूल त्या क्षणी थांबतं, पण पुढच्या वेळी चूक लपवायला शिकतं.

तुमचा आवाज चढेल, नको ते शब्द जातील. त्यानंतर काय करता याला फार महत्त्व आहे. दोघं शांत झाल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, मुलाजवळ बसा आणि म्हणा: "मी तुझ्यावर ओरडलो. ते चुकलं. तू घाबरला असशील. पुढच्या वेळी मी आधी बाहेर जाऊन शांत होईन." त्याला "पण तूही..." हे शेपूट जोडू नका. मुलाने लगेच माफ करावं अशी अपेक्षाही नको. त्याच्या चुकीबद्दल बोलायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी.

शाळेचं वय

"आज शाळेत काय झालं?" याला "काही नाही" हेच उत्तर येतं. "आज कोण रडलं?", "डबा खाताना शेजारी कोण होतं?" असे नेमके प्रश्न विचारा. चालताना, भांडी पुसताना, गाडीत बसल्यावर मुलं जास्त बोलतात, कारण तेव्हा डोळ्यांत डोळे घालून बघावं लागत नाही. रोज झोपण्यापूर्वी दहा मिनिटं वाचून दाखवा, त्याला स्वतःला वाचता येऊ लागल्यावरही.

कौतुक करताना जपून. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, "तू हुशार आहेस" असं ऐकलेल्या मुलांनी पुढे सोपी कामं निवडणं पसंत केलं आणि अपयश आल्यावर ती लवकर खचली. "खूप मेहनत घेतलीस" असं ऐकलेली मुलं अवघड कामांकडे वळली. तेव्हा गुणांपेक्षा त्याने काय केलं ते बोला: "तीनदा खोडलंस, पण सोडलं नाहीस."

मुलगा असो की मुलगी, घरातली कामं तुम्ही करताना त्यांना दिसू द्या. त्यांच्या आईशी तुम्ही कोणत्या स्वरात बोलता, हे ती रोज ऐकत असतात.

किशोरवय

आता खोलीचं दार बंद होतं. ठोठावल्याशिवाय आत जाऊ नका. वयात येताना शरीरात होणारे बदल, मासिक पाळी, संमती, इंटरनेटवरची अश्लील चित्रफीत, या विषयांवर एकदाच मोठं भाषण देण्याऐवजी नऊ-दहाव्या वर्षापासून थोडं थोडं बोलत राहा. मुलींशीही बोला. तो विषय फक्त आईचा नाही. या वयात रात्री उशिरा झोप येणं हा पुष्कळसा शरीराच्या घड्याळाचा बदल असतो, आणि ८ ते १० तासांची झोप अजूनही लागते. मेंदूचा पुढचा, परिणामांचा विचार करणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. म्हणून उंची तुमच्याएवढी झाली तरी निर्णय तुमच्यासारखे येत नाहीत.

मूल काही सांगायला आलं तर उपाय सुचवण्याआधी विचारा: "मी फक्त ऐकू, की काही सुचवू?" आणि एक करार आधीच करून ठेवा. कुठेही, कितीही वाजता अडचणीत सापडलास किंवा सापडलीस, तर फोन कर, मी न्यायला येईन, आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. तो फोन आला की करार अक्षरशः पाळा. बोलणं सकाळी.

दूर राहणारे वडील

कामासाठी दूर असाल किंवा मुलाच्या आईपासून वेगळे झाला असाल, तरी वरचं बहुतेक सगळं लागू होतं. फक्त वेळेला जास्त जपावं लागतं. आठवड्यातले ठरावीक दिवस आणि ठरावीक वेळ पक्की करा. फोनवर "कसा आहेस" विचारून अडकण्यापेक्षा एकत्र काहीतरी करा: तेच पुस्तक दोघांकडे ठेवून रोज चार पानं वाचा, किंवा एखादं कोडं सोडवा. मुलाच्या शिक्षकांची, मित्रांची नावं लक्षात ठेवा. त्याच्या आईबद्दल त्याच्याकडे तक्रार करू नका आणि त्याच्या हाती निरोप धाडू नका. दोघांमधलं जे आहे ते थेट तिच्याशी बोला. ठरलेल्या दिवशी येणं जमणार नसेल, तर मूल तयार होऊन दाराशी बसण्याच्या आत, स्वतः फोन करून त्यालाच सांगा आणि त्याच फोनवर पुढचा दिवस ठरवा.